ताईचे ठोके माझ्या खिशात

एक महिनाभर माझ्या थोरल्या बहिणीचे ठोके माझ्या खिशात होते. निदान माझी तशी समजूत होती. आणि माझी एखादी समजूत झाली की ती माझ्या एकट्याजवळ राहत नाही. वाशीमच्या बसस्टँडवरच्या पानवाल्यापासून आमच्या कचेरीतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना ती ठाऊक होते. घरात मला यावरून बोलणी बसतात, पण पन्नाशीनंतर सवय सुटत नाही, उलट तिला बसायला खुर्ची मिळते.

ताई रिठदला दिली आहे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. घरची हळद, सोयाबीन, दोन म्हशी, आणि या सगळ्यांवर तिची नजर. माघात एकदा ती भाकरी थापता थापता भिंतीला टेकून बसली. भाऊजींनी काय झालं विचारलं तर म्हणाली, "छातीत कोंबडी फडफडल्यावानी झालं. आता बसली." ही कोंबडी मग आठवड्यातून दोन-तीनदा फडफडू लागली. मी ताईला वाशीमला डॉक्टरकडे नेलं. तिथं तारा लावून कागद काढला, तर कोंबडी नेमकी गप्प. कागद स्वच्छ.

डॉक्टर माझ्याच वयाचे, बोलायला शांत. म्हणाले, ठोके मधूनच बेताल होत असतील तर ते त्या वेळीच पकडावे लागतात. अकोल्याला जाऊन छातीला दिवसभराचं मशीन लावून घ्या. खरंच बेताल निघाले तर रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू करावी लागेल, नाहीतर गुठळी होऊन डोक्यात जाऊ शकते.

गुठळी म्हटल्यावर मी ताईकडे पाहिलं नाही आणि तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आमची आई अशीच गेली. सकाळी तांदूळ निवडता निवडता तिचं तोंड वाकडं झालं, उजवी बाजू लुळी पडली. तिला अकोल्याला नेलं आणि आठव्या दिवशी परत आणलं ते शेवटचं. तेव्हापासून ताईनं अकोला हे गाव टाकलं आहे. तिकडची लग्नंसुद्धा ती करत नाही.

"अकोल्याले मी जात नाई," ती म्हणाली. "जे काय करायचं ते इथंच करा."

डॉक्टरांनी बराच वेळ समजावलं. मग म्हणाले, "बरं, मनगटावर बांधायचा पट्टा मिळतो, ठोके मोजणारा. चांगला बघून घ्या. महिनाभर हातातून काढू नका. तपासणीची जागा तो घेणार नाही, पण अंदाज येईल. महिन्यानं आकडे दाखवा, मग अकोल्याचं ठरवू."

ताईनं लगेच मान डोलावली. तिची मान इतक्या पटकन डोलते तेव्हा काहीतरी गडबड असते, हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं. पण मी तोवर पट्ट्याच्या विचारात शिरलो होतो.

वस्तू निवडायची म्हटलं की माझ्या अंगात येतं. मागे मिक्सर निवडायला मी तीन आठवडे घेतले आणि तोवर बायकोनं पाट्यावर वाटलं. पट्ट्यासाठी तर मी मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिले की जेवताना हातातला घासही मला गोल, चौकोनी, पाणी लागलं तर चालेल की नाही असा दिसू लागला. पट्ट्याच्या पोटाला हिरवा दिवा असतो. त्याचा उजेड कातडीतून आत जातो, रक्त येतं-जातं तसा कमीजास्त होऊन परत येतो, त्यावरून ठोके कळतात. हे मी बायकोला कुकरच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर समजावलं.

"ताईले इचारलं का, कसा पाह्यजे त?" ती म्हणाली.

"ताईले काय समजते त्यातलं?"

"तुमाले समजते ना?"

"मले समजते."

"मंग झालं," असं म्हणून तिनं कुकर उतरवला.

एका व्हिडिओत सांगितलं होतं की हलके पट्टे कशालाही ठोके दाखवतात, भाजीवर बांधून पाहा. मला हे फार पटलं. मी मंडईतून मनगटाच्या जाडीची एक लवकी, म्हणजे दुधी भोपळा, पारखून घेतली आणि तशीच पिशवीत घालून दुकानात गेलो.

"काका, हे काय?" दुकानदार म्हणाला.

"पेशंट."

पहिला पट्टा बांधला. लवकीचे ठोके एक्याऐंशी. दुसरा बांधला. शहात्तर, आणि वर सल्ला की ताण जाणवतो आहे, दीर्घ श्वास घ्या. दुकानात आलेली गिऱ्हाइकं आता काउंटरभोवती उभी राहिली. तिसऱ्या पट्ट्यानं बराच वेळ हिरवा दिवा लुकलुकवला आणि शेवटी दोन रेघा दाखवल्या. आकडा नाही.

"हाच द्या," मी म्हणालो. "जो लवकीशी खोटं बोलत नाही तो माह्या बहिणीशी कायले बोलंन."

मग मी तो स्वतःच्या हातावर बांधून पाहिला, दुकानदाराच्याही हातावर पाहिला. लवकी, मी आणि दुकानदार असे तिघं तपासून झालो. ज्या मनगटासाठी पट्टा होता ते मनगट तेवढं राहिलं. हे मी आज म्हणतो आहे. त्या दिवशी मी लवकीची भाजी खाल्ली आणि समाधानानं झोपलो.

रविवारी पट्टा घेऊन रिठदला गेलो. ताईचा फोन बटणांचा, त्याला पट्टा जोडता येईना, म्हणून तो भाचसुनेच्या फोनला जोडला. पोरगी चोवीस-पंचवीसची, हुशार. आकडे तिच्या फोनवरून माझ्या फोनवर यावेत अशी सोय तिनं चुटकीसरशी करून दिली. मी माझ्याच हातावर पट्टा बांधून ताईला सगळं समजावलं, लवकीची गोष्टही रंगवून सांगितली. भाऊजी हसले, भाचा हसला, ताईही हसली.

"ठेव तिथं देवाजवळ," ती म्हणाली. "आंग धुतलं की बांधीन."

माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी निघालो. संध्याकाळी वाशीमला पोचलो तर फोनवर पहिला आकडा आलेला. एकाहत्तर. मला काय वाटलं ते लिहिताना आता लाज वाटते. मला वाटलं, आईच्या वेळी असं काही असतं तर.

पुढचा महिना मी मजेत घालवला. रोज चहाच्या वेळी फोन काढायचा आणि बायकोला आकडे वाचून दाखवायचे. ताईचे ठोके घड्याळासारखे. अडुसष्ट, सत्तर, बाहत्तर. झोप सात तास. पावलं नऊ हजार, कधी दहा हजार. बायको म्हणायची, "बरं हाये." कचेरीत मी सगळ्यांना सांगितलं की साठी ओलांडलेल्या माझ्या बहिणीचं काळीज आपल्या सगळ्यांपेक्षा तरणं आहे. अनसिंगहून रोज येणाऱ्या एका सहकाऱ्यानं तर मला कागदावर पट्ट्याचं नाव लिहून मागितलं. एका संध्याकाळी ठोके एकशे दहावर गेलेले दिसले तेव्हा मी घाबरून रिठदला फोन केला.

"काय करून राह्यली होती व ताई, चार वाजता?"

"चार वाजता? हळदीचे पोते उचलत होती."

"ते पोते तू कायले उचलते?"

"नाई उचलत आता."

पट्टा काढत नाहीस ना, असं मी रोज विचारायचो. नाही काढत, असं ती रोज सांगायची. मागून भाऊजी ओरडून सांगायचे, "भाऊ, तुमच्या पट्ट्यानं लै काम केलं." कोंबडीचं विचारलं तर ताई म्हणायची, ती कधीच उडाली.

महिना झाल्यावर ताई एकटीच सकाळच्या एसटीनं आली. मी तिला स्टँडवरून दवाखान्यात नेलं. गर्दी होती. आम्ही बाकावर बसलो, तिनं चपला काढून बाकाखाली सरकवल्या, पदर हातांवर ओढून घेतला आणि समोरच्या बाळाकडे पाहत बसली. मी डॉक्टरांना दाखवायचे आकडे नीट लावून ठेवावेत म्हणून फोन काढला.

आजची पावलं चार हजारांवर गेली होती. मला वाटलं, सकाळी घरात फिरली असेल. मी पाहत होतो तेवढ्यात आकडा थोडा पुढं सरकला. थोड्या वेळानं आणखी. मी ताईच्या पायांकडे पाहिलं. अनवाणी पाय फरशीवर शेजारी शेजारी ठेवलेले, एक बोट हलत नव्हतं.

"ताई, तू पाय हालवून राह्यली का?"

"नाई त. काहून?"

"तुह्ये पावलं वाढून राह्यले."

मी फोन तिच्यापुढं धरला. तिनं त्याच्याकडे दुसऱ्याच्या पोराच्या प्रगतिपुस्तकाकडे पाहावं तसं पाहिलं.

"पट्टा कुठं हाये?"

"घरी."

"कोनाच्या हातात?"

"सुनेच्या. अंगनात हळद वाळू घालून राह्यली ना."

बाकावर आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, ते थोडे आमच्याकडे वळून बसले. मी आवाज खाली आणला. ताईनं मात्र आपला आहे तेवढाच ठेवला.

"पह्यल्या दिवशी बांधला मी," ती म्हणाली. "डाव्या हातावर बांधला त दोन रेघा. उजव्यावर बांधला त कधी एकशेचाळीस, कधी रेघा. बांगड्या वर सारल्या, तरी तेच. तूच सांगतलं होतं ना, लवकीले रेघा येतेत म्हून. मले वाटलं, मी मेली का काय."

"मंग मले सांगायचं होतं."

"एवढा शोधून आनला तू. तोंड कसं उतरलं असतं तुह्यं. अन् दुसऱ्या दिवशी मले अकोल्याच्या गाडीत बसवलं असतं." मग ती म्हणाली, "रिसोडच्या बजारात एक बाई मले इचारते, तुमचे ठोके बाहत्तर हायेत म्हने. अनसिंगची होती. मी तिले ओयखतबी नाई. बरं झालं, सुनेचे होते. माह्ये असते त शरम वाटली असती."

"घरात कोनाकोनाले माहीत हाये?"

"सगळ्यायले." तिनं पदर नीट केला. "तुह्या बायकोलेबी."

तिथं मला पहिल्यांदा खरा धक्का बसला. रिठदच्या घरानं मला फसवलं हे एक वेळ समजत होतं. पण माझ्या घरातली बाई रोज माझ्यासमोर चहा ठेवून मला ते आकडे वाचू देत होती. मी एका तरण्याताठ्या पोरीच्या काळजाचं कौतुक करत होतो आणि ती 'बरं हाये' म्हणत होती. तीस दिवस, तीस 'बरं हाये'. मला प्रत्येक वेळचा तिचा चेहरा आठवू लागला आणि एकाही चेहऱ्यावर काही दिसेना. भाऊजींचं ते ओरडणं आठवलं. ओरडून झाल्यावर ते घरात किती हसले असतील. आणि भाचसून, जी मला वाकून नमस्कार करते, मामाजी म्हणते, तिनं महिनाभर माझ्यासाठी आपली झोपसुद्धा ताईची म्हणून पाठवली.

पट्टा मात्र खरं बोलत होता. तेवढ्यापुरती माझी निवड चुकली नव्हती.

आमचा नंबर पुकारला. उठताना ताईनं माझ्या शर्टाची बाही धरली. "भाऊ, तेच आकडे दाखव. चांगले हायेत. कोंबडी आता नाई फडफडत."

"खरंच नाई?"

"नाई ना. इस्वासानं सांगून राह्यली तुले."

विश्वास हा शब्द तिनं त्याच क्षणी वापरला.

आत डॉक्टर म्हणाले, "आणले का आकडे?" फोन माझ्या हातात उघडा होता. महिन्याभराची रेघ, सरळ, सुंदर. ताई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती. सांगू नये अशा गोष्टी मी जन्मभर सांगत आलो आहे. भाच्याची सोयरीक बोलणी चालू असतानाच मी एसटीत जाहीर केली होती, तेव्हा ताई माझ्याशी दोन महिने बोलली नव्हती. आज पहिल्यांदा मला गप्प बसावंसं वाटलं. ते आकडे पुढं केले असते तर डॉक्टरांनी मान हलवली असती, ताई दुपारच्या गाडीनं घरी गेली असती, आणि मी तिचा भाऊ राहिलो असतो. तांदळाचं सूप डोळ्यांपुढं आलं. सूप तसंच मांडीवर होतं, आई तेवढी कलंडली होती.

"डॉक्टर," मी म्हणालो, "हे आकडे ताईचे नाहीत. तिच्या सुनेचे आहेत."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ताईचा हात घेतला, बांगड्या वर सारल्या, बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट थांबले. मग दुसरा हात घेतला. मग तिला टेबलावर निजवून तारा लावल्या. या वेळी कोंबडीला उडायला सवड मिळाली नाही. कागदावर ठोक्यांच्या खुणा कुठं जवळजवळ, कुठं लांब, घाईत टोभलेल्या, हातानं टोचून लावलेल्या बियांसारख्या पडल्या होत्या.

म्हणजे तेही खोटं होतं. बाही धरून सांगितलेलं.

गोळी आजपासून आणि अकोला याच आठवड्यात, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी ताईच्या मनगटावर बोट ठेवून मला दाखवलं. "याच्यामुळे पट्ट्याला काही दिसलं नाही. गोंदणाची शाई उजेड अडवते. आणि उरलेलं बांगड्यांनी बिघडवलं, पट्टा बसूच दिला नाही."

डाव्या मनगटावर तुळस आणि भोवती ठिपके. उजव्यावर विंचू. मी चार वर्षांचा असताना गोंदणारी बाई आमच्या अंगणात आली होती. ताईनं एक हात सुईखाली दिला आणि दुसऱ्या हातानं माझे डोळे झाकले, आणि तरी मी इतका रडलो की दुसरा हात दुसऱ्या दिवशी गोंदावा लागला. त्याच हातांनी तिनं मला भरवलं आणि बदडलंही. मी एवढे व्हिडिओ पाहिले, लवकी घेऊन दुकानात गेलो, आणि तो हात मला एकदाही आठवला नाही.

बाहेर आल्यावर ती माझ्यापुढं चालू लागली. स्टँडवर गाडी लागलेली होती. पायरीवर पाय ठेवून ती वळली.

"दहावीत गनितात उडाला होता तू. बाबाले मी सांगतलं होतं का?"

"नाई."

"सहा महिने झाकून ठेवलं मी. मार्कशीट गव्हाच्या कोठीत होती."

"ताई, ते गनित होतं."

"माह्यावाला इस्वास होता तुह्यावर," ती म्हणाली आणि वर चढली. खिडकीची जागा मिळाली तिला. गाडी हलेपर्यंत ती दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहत होती. फसवला गेलो होतो मी, आणि तोंड फिरवून बसली होती ती. हा हिशोब मला अजून नीट लागलेला नाही.

घरी बायकोनं चहा ठेवला. माझ्या तोंडाकडे पाहून तिला कळलं.

"डॉक्टरले सांगतलं का तुमी?"

"सांगतलं."

"बरं केलं."

"तू मले काहून नाई सांगतलं?"

"शपथ घातली होती ताईनं. अन् तुमी गप्प बसले असते का?"

"नाई."

"मंग?"

"गप्प नाई बसाचंच होतं ना तिथं," मी म्हणालो. "माह्या आईसारखं झालं असतं त तिले?"

तिनं पदर तोंडाला लावला. मी रुसून चहा घेतला नाही. अर्ध्या तासानं स्वतः गरम करून घेतला, आणि तो पीत असताना तिच्याकडे पाहिलं नाही.

अकोल्याला ताई गेली, पण भाच्याबरोबर. मला नंतर कळवलं. गोळी चालू आहे. पट्टा भाचसुनेच्याच हातात आहे आणि तिचे आकडे अजून माझ्या फोनवर येतात. बंद कसे करायचे ते मला येतं. मी करत नाही. का, ते मलाही सांगता येत नाही.

संध्याकाळी फोन करून विचारतो, गोळी घेतली का. ताई म्हणते, घेतली. मी भाचसुनेला विचारतो. ती म्हणते, घेतली मामाजी, माझ्यासमोर घेतली. मी भाऊजींना विचारतो. तेही तेच म्हणतात. हे तिघंही पूर्वी याच आवाजात बोलायचे. म्हणून मी आता रविवारी कुणाला न सांगता रिठदला जातो, पाकिटातल्या गोळ्या मोजतो आणि ताईसमोर पाट घेऊन बसतो. ती पीठ लागलेला हात पुसून नुसता पुढं करते आणि तोंड चुलीकडे ठेवते. मी बांगड्या वर सारतो, तुळशीच्या बाजूला बोटं ठेवतो आणि माझ्या जुन्या घड्याळाकडे पाहत मिनिटभर मोजतो.

गेल्या रविवारी मोजून झाल्यावर तिनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं.

"किती?"

"नाई सांगत."

"काहून?"

"तू बाहेर सांगशीन."

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिनं हात काढून घेतला आणि पुन्हा पिठात घातला. भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पुढच्या रविवारपासून सांगून येत जाय. तुह्यासाठी भाकर जास्तीची टाकता येते."

सांगून गेलो तर गोळ्या आधीच मोजून ठेवलेल्या असतील. मी हो म्हणालो. सांगणार नाही.